प्रॉम्प्टर शेवटी जेवतो

बाबांनी मला पहिलं वाक्य दिलं तेव्हा मी ओसरीवर बसून वास्ते चिरत होते. पावसाळ्यात आमच्याकडे बांबूचे हे कोवळे कोंब घरोघरी शिजतात, आणि चंद्रपूरहून मी गावी आले की माय पहिल्यांदा तेच माझ्यापुढे टाकते. बाबा दारामागून हळूच आले, माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि ओठ फारसे न हलवता म्हणाले, "‘बाबा, मी आले. प्रवास सुखाचा झाला.’"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा दिलं, या वेळी ‘बाबा’वर जरा जोर देऊन. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "म्हण न. लोक पाहून राह्यले."

ओसरीवर लोक नव्हते. एक कोंबडी होती. तरीही मी ते वाक्य म्हटलं, कारण बाबांचा चेहरा इतका काळजीत होता की नाही म्हणवेना. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते पुन्हा दारामागे जाऊन उभे राहिले. मी विळी बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन मायला विचारलं, "हे काय चाललंय?"

"एक महिना झाला," माय म्हणाली. "तू उंटावरून शेळ्या हाक तिकडून. फोनवर सांगाची गोष्ट होती का हे?"

आमचं गाव कुरखेड्याच्या बाजूला. बाबांची चार एकर धानाची शेती, आणि तीस वर्षं त्यांनी नाटकात प्रॉम्प्टरचं काम केलं. आधी गावच्या हौशी मंडळात, पुढे दिवाळी ते होळीच्या हंगामात कंपन्यांसोबत. आमच्या झाडीपट्टीत नाटक चार-पाच दिवसांच्या तालमीवर उभं राहतं. नटाला पाठ असो की नसो, विंगेत वही आणि बॅटरी घेऊन बसलेल्या माणसाला सगळं नाटक सांभाळावं लागतं. बाबांचं कुजबुजणं असं की नटाला स्पष्ट ऐकू जाई आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला पत्ता लागत नसे. लोक त्यांना बोलावून न्यायचे. घरी मात्र ते फार बोलत नसत. बोलायचं काम माय करायची.

आता बाबांचं म्हणणं असं होतं, की हे सगळं नाटक आहे. घर खरं, बैल खरे, ओसरीवरचा पाट खरा. माणसं तेवढी नट. त्यांची बायको, मुलगी, मुलगा यांची कामं करायला कोणीतरी चांगली मंडळी आणून ठेवली आहेत. त्यांना आमचा राग नव्हता. उलट कौतुकच होतं. फक्त आमचं पाठांतर कच्चं आहे असं त्यांचं मत होतं, म्हणून ते आम्हाला वाक्यं देत.

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझा स्वभाव जरा जास्तच चौकस आहे. बाबांना चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा रडायचं सोडून मी प्रश्न विचारत बसले. डॉक्टर चांगले होते. त्यांनी सांगितलं, की चेहरा ओळखणं आणि तो आपल्या माणसाचा वाटणं ही मेंदूची दोन वेगळी कामं. बाबांचं पहिलं काम ठीक चाललंय, दुसरं बिघडलंय. चेहरा बायकोसारखा दिसतो, पण आपलेपणा वाटत नाही. मग मेंदू स्वतःची समजूत घालतो, की ही तिच्यासारखी दिसणारी कोणी दुसरी असणार. "वाद घालू नका," ते म्हणाले, "आणि गोळ्या जेवणानंतरच द्या, रिकाम्या पोटी अजिबात नको." मला ते सगळं इतकं नवलाचं वाटलं की परतीच्या गाडीत मी मायला समजावून सांगत होते. माय खिडकीबाहेर पाहत होती. मला माझी लाज वाटली, पण उशिरा.

मी शाळेतून रजा काढली आणि एका वहीत बाबांची वाक्यं लिहायला लागले. नाटकातल्या भाषेत असत ती सगळी. आमच्या घरात अशी भाषा कोणी कधी बोललं नाही. धाकट्या भावाला ते म्हणत, "‘बाबा, बांधावरचं पाणी मी वळवून आलो, आपण निश्चिंत असा.’" शेत भावानेच सांभाळलं होतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला वाक्यं भरपूर. बियाणं, मजूर, बैलाचा खूर, काय काय. मला मात्र दोनच वाक्यं. मी बाहेरून आत आले की प्रवास सुखाचा झाला, आणि पिशवी उचलली की "‘बाबा, आता निघते. प्रकृती जपा.’" मधलं काहीच नाही. चार दिवस लिहून झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं. म्हातारा आपल्या लेकीबद्दल खोटं काहीच बोलत नव्हता. मी वीस वर्षं येत होते आणि जात होते.

पण मायला ते एकही वाक्य देत नसत. डॉक्टरांकडून आल्यापासून, मीच बजावल्यामुळे, ती त्यांच्याशी वाद न घालता हळू बोलायची. मी एकदा विचारलं, त्यांच्याच पद्धतीने, "त्या बाईंना का नाही देत?"

"त्याईले काय द्याचं," बाबा म्हणाले. "त्याईचं पाठ चोख हाये. एक शब्द चुकत नाई. मोठ्या कंपनीतल्या असन." मग म्हणाले, "आमच्या घरची अशी नाई."

हे मी वहीत लिहून घेतलं आणि पान उलटलं. हुशार माणसांचं असंच होतं.

मायला ते ‘बाई’ म्हणत, अदबीने. ती खोलीत आली की उठून उभे राहत. परक्या बाईच्या अंगावर डोळा जाऊ नये म्हणून खाली पाहत. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या बाईला नवऱ्याने असं अदबीनं वागवणं, याहून मोठा अपमान मी तरी पाहिलेला नाही. माय मार्कंड्याच्या देवळात जाऊन आली. शेजारच्या बाईने सांगितलेला अंगारा लावून झाला. आणि मग तिने मालिका धरली.

दुपारी दोनला एक मालिका लागायची. शहरातलं श्रीमंत घर, आणि त्यातल्या वडिलांना वाटतं की आपण हॉटेलात राहतोय, आणि बायकामुलं म्हणजे हॉटेलचे नोकर. मायला वाटलं, ही देवानंच आपल्यासाठी लावली. ती चटई टाकून समोर बसायची, शाळेत बसल्यासारखी. मालिकेतली बायको कधी चिडत नसे. ती हसून म्हणे, ‘अहो, ऐकलंत का, दोन घास खाता ना?’ हे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी येई आणि काजळ तेवढं जागच्या जागी राही. माय ते शिकली. जिचा आवाज बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला जायचा, जिच्या शिव्यांनी बैल सरळ चालायचे, ती माझी माय सकाळ-संध्याकाळ बाबांपुढे ताट धरून म्हणायला लागली, "अहो, ऐकलंत का?" भाऊ बाहेर जाऊन हसायचा. मी हसले नाही, कारण ती किती जीव ओतून करत होती ते मला दिसत होतं. लग्नातला शालू काढून नेसली एकदा. बाबांनी आदराने पाहिलं आणि म्हणाले, "वा. कपडेपट चांगला हाये." माय मागच्या अंगणात जाऊन बसली ती दिवे लागेपर्यंत आत आली नाही.

पण खरा घोर होता जेवणाचा. प्रॉम्प्टर शेवटी जेवतो. नट आपलं काम नसताना मागे जाऊन जेवून घेतात. वही धरलेल्या माणसाला पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत हलता येत नाही. बाबांनी तो नियम कधी मोडला नव्हता. आता घरातलं नाटक काही संपत नव्हतं, त्यामुळे बाबा जेवत नव्हते. ताट पुढे केलं की हाताने खूण करत: नंतर, नंतर. विजेची लाईन गेली की मात्र दोन-चार घास खात, कारण लाईन गेली म्हणजे खेळ थांबला. भावाने लगेच दुपारी मेन स्विच बंद करायला सुरुवात केली. पंखा थांबला, टीव्ही बंद पडला, बाबा जेवले. तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "जनरेटर लावा न गा. किती वेळ लोकाईले बसवता?" आणि ताट सरकवून दिलं.

महिन्याभरात त्यांचं धोतर कमरेवर राहीना. गोळ्या रिकाम्या पोटी देता येत नव्हत्या, आणि गोळ्यांशिवाय काही होणार नव्हतं. धान निसवला होता, रजा संपत आली होती, आणि आम्हा तिघांच्या नाकी नऊ आले होते. माय स्वतःही नीट जेवेना. नवरा उपाशी असताना तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. ती कोणती बाई आहे यावर घरात एकमत नव्हतं, पण तिची भूक बायकोचीच होती.

त्याच आठवड्यात मालिकेतला म्हातारा बरा झाला. मुलाने त्याला हॉटेलच्या रजिस्टरवर सही करायला लावली, मुक्काम संपला म्हणाला, बॅग हातात दिली. म्हातारा पुढच्या दाराने बाहेर गेला, बंगल्याला वळसा घातला आणि मागच्या दाराने आत येऊन बायकोला नावाने हाक मारली. मायने पदर डोळ्यांना लावला. भावानेही नाक पुसलं. आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, चटईवरून उठून म्हणाले, "आपणही नाटक संपवून टाकू."

मला अजूनही ते आठवलं की कानाला खडा लावावासा वाटतो. पण तेव्हा सगळं कसं बरोबर बसत होतं. पडदा पडला की प्रॉम्प्टर जेवतो, इतकं सोपं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मधल्या खोलीत दोरी बांधून त्यावर चादर टाकली. चुलीवर भात, लाखोळीची डाळ, बाबांना आवडतात तशा कोथिंबिरीच्या सांबारवड्या. बाबांना त्यांची जुनी नाटकाची वही आणि बॅटरी देऊन दाराच्या आडोशाला त्यांच्या जागेवर बसवलं. आम्ही तिघं ओळीत उभे राहिलो. भावाने हात जोडून रसिक मायबापांचे आभार मानले, चांगलं दोन मिनिटं बोलला, त्याला बोलायची हौस आहेच. मी चादर ओढली. नाटक संपलं.

बाबांनी वही मिटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. ते मायपुढे आले, हात जोडले. "बाई, काम लय चांगलं केलं तुमी," ते म्हणाले. "सलामत राहा."

माय ताट घेऊन आली.

"नाई, नाई," बाबा म्हणाले. "आता जेवण घरी. घरची वाट पाहून राह्यली असन." त्यांनी टोपी घातली, चपला शोधल्या, बॅटरी खिशात टाकली आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. शेवटचा खेळ झाला की प्रॉम्प्टर आपल्या घरी जातो, हे मला सुचलंच नव्हतं. आणि तरीही भाऊ आणि मी काय केलं? आम्ही धावत जाऊन मागचं दार उघडलं. दोन शिकलेली, जाणत्या वयाची माणसं, मागच्या दाराशी उभी राहून बाप घराला वळसा घालून येईल म्हणून वाट पाहत होतो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. भाऊ म्हणाला, "येईन. त्याईचा बंगला लहान होता, म्हणून लवकर आला."

तेवढ्यात माय मागून ओरडली, "येडे झाले का रे तुमी दोघं?" आणि ती अनवाणीच पुढच्या दाराने निघाली. मी तिच्या मागे धावले. भाऊ मोटारसायकल काढायला गेला.

बाबा बस थांब्याच्या रस्त्याला लागले होते. दोन्ही बाजूंनी धान, मधून डांबरी रस्ता, पुढे नाल्यावरची पुलिया. इतके दिवस उपाशी असलेला माणूस झपझप चालला होता. घरी जायचं होतं ना त्यांना. मायने त्यांना पुलियाजवळ गाठलं. मी दहा-वीस पावलं मागे होते, दम लागला होता.

"अहो, ऐकलंत का," माय म्हणाली, त्या मालिकेच्या आवाजात. "घरी चला ना."

"बाई, संपलं न आता," बाबा म्हणाले. "तुमी बी जा तुमच्या घरी."

मायच्या आत जे काही महिनाभर दाबलेलं होतं ते सुटलं.

"कोन्या घरी जाऊ मी?" तिचा आवाज पार बांधापलीकडे गेला. "सांगा न, कोन्या घरी जाऊ? लय झालं तुमचं बाई-बाई! भात निवला, डाळ निवली, सकाळपासून चुलीपाशी मरून राह्यली मी, अन हे चालले बायकोले भेटाले! जा! भेटली त सांगा तिले, का तिच्या घरी एक बाई चाळीस सालापासून भांडे घासून राह्यली. पाय भाजले माहे. मी नाई येत आता तुमच्या मागं."

आणि ती पुलियाच्या कठड्यावर बसली. खरोखरच बसली.

बाबा चार पावलं गेले आणि थांबले. त्यांना सवय होती. कोणी अडलं की त्यांच्याने पुढे जाववत नसे. ते परत आले, मायच्या बाजूला किंचित वाकले आणि त्या जुन्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "‘थांबा, मीही आपल्यासोबत येते.’"

मायला मिळालेलं ते पहिलं वाक्य होतं.

"नाई म्हणत," माय म्हणाली.

बाबांनी तेच वाक्य पुन्हा दिलं, शब्द सुटे करून.

"नाई म्हणत म्हणलं न मी. मले माह्या मनाचं बोलता येते."

बाबा सरळ उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जशी काही मी कंपनीची मालक होते आणि या नटीचं काय करायचं ते मी सांगणार होते. तीस वर्षांत एकाही नटाने त्यांचं वाक्य परत केलेलं नसणार. मग ते कठड्यावर बसले, मायपासून हातभर अंतर ठेवून.

"आमच्या घरची बी अशीच हाये," ते म्हणाले. "सांगतलेलं वाक्य कधी म्हणलं नाई तिनं. तोंडाची लय खराब." मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "अन तुमी त येवढ्या गोड बोलत होत्या. मले वाटे, हे आमच्या घरची कशी राहीन?"

तेव्हा मला माझ्या वहीतलं ते पान आठवलं. डॉक्टर, मालिका आणि मी, तिघांनी मिळून मायला गोड बोलायला लावलं होतं. तिच्यापासून जेवढं दूर नेता येईल तेवढं आम्हीच नेलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मंग वळखा न," माय म्हणाली.

तिने हे ओरडून म्हटलं नाही, गोड आवाजातही नाही. एक ट्रॅक्टर गेला. चालवणाऱ्याने ओळखीचा हात केला, तो आम्ही कोणीच परत केला नाही. बाबा मायकडे पाहत होते. तिच्या मातीने भरलेल्या पायांकडे, मग हातांकडे, मग चेहऱ्याकडे. इतक्या दिवसांत त्यांनी त्या बाईकडे असं वर मान करून पाहिलं नव्हतं. माझ्या पेशातली सगळी उत्सुकता त्या क्षणी संपली होती. मला काही समजून घ्यायचं नव्हतं, फक्त ते व्हायला हवं होतं.

"वळखीन जी," बाबा म्हणाले. "थोडं थांबा."

मायने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "भूक लागली का?"

"लागली."

भाऊ मोटारसायकल घेऊन आला. बाबा त्याच्या मागे बसले, आम्ही दोघी चालत आलो. घरी ते आमच्या ओळीत पाटावर बसले आणि आमच्यासोबत जेवले. भात दोनदा घेतला. मायने वाढताना चार वेळा खेकसून सांगितलं, सांडू नका. गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मायला पाहून उठून उभे राहिले आणि ‘बाई’ म्हणाले. मालिकेत असं होत नाही. पण मायने दुपारी दोनला टीव्ही लावला नाही, आणि जेवायच्या वेळी तिने चुलीजवळूनच हाक दिली, शेजारच्या घरचेही उठून बसतील अशी. बाबा आले. तेव्हापासून ती ओरडली की ते जेवतात. कधी निम्मं, कधी पोटभर.

रजा संपली तेव्हा मी पिशवी घेऊन निघाले. माय मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, "माय, डॉक्टर म्हणाले की कदाचित हे असंच राहील. त्यांनी कधी ओळखलंच नाही तर?"

माय रस्त्याकडे पाहत होती.

"ते म्हणले न, थांबा," ती म्हणाली. "मंग थांबली हाये मी."